सासूबाई अजून उठल्या नाहीत

सीडी ड्राइव्हला जाग यायला जरा वेळ लागत होता. बस, एवढीच तक्रार होती. शहाण्या माणसाने ड्राइव्ह बदलला असता, त्याहून शहाण्याने कॉम्प्युटरच बदलला असता आणि सर्वांत शहाण्याने सासुरवाडीच्या कामात मुळात हातच घातला नसता. आमचे जावईबापू या तिघांत बसत नव्हते. ते म्हणाले, "त्यात काय, एक ओळ तर बदलायचीय!" आणि त्यानंतर कित्येक दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

जावईबापू म्हणजे पाणीपट्टी खात्यातले वरिष्ठ कारकून. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं. पण लग्नानंतर सासूबाईंनी 'जावईबापू' म्हणायला सुरुवात केली, मग सगळ्या गल्लीने केली आणि शेवटी ऑफिसातल्या शिपायानेही केली. आता स्वतःचं नाव त्यांना सही करतानाच आठवायचं. (तेही पहिलं अक्षर गिरवून झाल्यावर.)

सासरे मुद्रितशोधक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या आणि जाताना हजारो पुस्तकं मागे ठेवून गेले. रस्त्याकडच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकंच पुस्तकं आणि प्रत्येकाच्या समासात त्यांच्या लाल पेनाच्या खुणा. त्या खोलीवर दोघांचा डोळा होता. एक जावईबापूंची बायको. तिला तिथे बाबांच्या आठवणीसाठी वाचनालय करायचं होतं. दुसरा तिचा मोठा भाऊ, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारा फिल्टरदादा. त्याला तिथे गोदाम करायचं होतं. पुस्तकांचं काय करायचं, यावर त्याचं उत्तर तयार होतं, "पोत्यात भरू की! पोती मी देतो."

निकाल सासूबाईंच्या हातात. सासूबाई निवृत्त हेडबाई. शाळा सुटली तरी आवाज सुटला नव्हता. त्यांना फक्त एकच गोष्ट प्रिय होती, दुपारची झोप. ती झोप मोडणाऱ्या दूधवाल्याने पुढे धंदा बदलला, असं गल्लीत सांगतात.

"वाचनालय काढलंस तर लोक भर दुपारी बेल वाजवणार," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "मी झोपायचं कधी?"

"कॉम्प्युटर ठेवू ना, आई. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, लोक आपलं आपण शोधतील. तुला कुणी हाकही मारणार नाही."

"आणि तो कॉम्प्युटर लावणार कोण?"

"हे लावतील."

सासूबाईंनी चष्मा खाली सरकवून लेकीकडे पाहिलं.

"हे म्हणजे कोण?"

(त्या घरात 'हे' एकच होते. ते समोरच बसून सुपारी शोधत होते.)

"आई, मी शब्द देते. ते करतील."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "महिनाअखेरच्या रविवारी गल्लीला बोलाव. सगळ्यांसमोर चालू करून दाखवा. चालला तर खोली पुस्तकांची. नाही चालला तर दादाची पोती आणि तुझा शब्द, दोन्ही माझ्याकडे ठेवून जा."

दोघं घरी आली. दारात चप्पल काढताना बायको म्हणाली, "अहो, लग्नापासून मी आईला सांगत आलेय की तुम्हाला जमतं. एकदा तरी जमवा."

कॉम्प्युटर मिळायला अडचण नव्हती. जावईबापूंच्या ऑफिसात भंगारात काढलेला एक पडून होता. त्याची हार्ड डिस्क मेली होती, म्हणजे स्मरणशक्ती गेली होती, पण बाकी देह ठणठणीत. ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागात एक सद्गृहस्थ होते. जगातल्या कुठल्याही कामाबद्दल विचारा, ते म्हणायचे, "सोप्पंय!" त्यामुळे त्यांचं नावच सोप्पंय पडलं होतं. त्यांच्या बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं, ते याच शब्दापायी.

"हार्ड डिस्क नाही? नको!" सोप्पंय म्हणाले. "लिनक्सची लाइव्ह सीडी देतो. सगळा कारभार त्या एका सीडीवर. सीडी घातली की कॉम्प्युटर जागा, बंद केला की झालं गेलं सगळं विसरून पुन्हा कोरा. वहिनींनी टाइप केलेली पुस्तकांची यादीही त्यातच घालून देतो. सोप्पंय!"

झालं गेलं सगळं विसरणारी वस्तू घरात आधीपासून एक होतीच, असं बायकोचं मत पडलं. पण तिने यादी दिली.

सीडी बायकोच्या लॅपटॉपवर झकास चालली. भंगारातल्या कॉम्प्युटरवर घातली तर काळा पडदा, एक ओळ आणि स्मशानशांतता. त्या ओळीचा अर्थ सोप्पंयनी सांगितला, "सीडी सापडत नाही, म्हणतोय."

"अहो, पण तो सीडीवरूनच तर सुरू झाला ना?"

"तेच तर!" सोप्पंयचे डोळे चमकले. "असं बघा. सकाळी उठल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय शोधता?"

"चष्मा."

"चष्मा शोधायला काय लागतं?"

"चष्मा."

"बरोबर! कॉम्प्युटरचीही तीच पंचाईत. सीडी वाचायचं ज्ञान सीडीवर. म्हणून सुरुवातीला एक छोटंसं गाठोडं आधी मेमरीत टाकून देतात. बूट इमेज म्हणतात त्याला. त्या गाठोड्यात एक यादी असते, ड्राइव्हला हाक मार, सीडी शोध, मोठा कारभार उघड आणि तू मर. तुमचा ड्राइव्ह म्हातारा आहे. हाक मारल्यावर घरघर करत उठेपर्यंत गाठोड्याने आशा सोडलेली असते. त्याला फक्त 'जरा थांब' म्हणून सांगायचं."

"म्हणजे ते गाठोडं सोडायचं, एक ओळ लिहायची, परत बांधायचं?"

"सोप्पंय!"

पहिल्या संध्याकाळी जावईबापूंनी लॅपटॉपमध्ये मूळ लाइव्ह सीडी घातली, सोप्पंयनी दिलेल्या आज्ञा एकेक करून टाइप केल्या आणि खरोखरच ते गाठोडं सुटलं. आत चिमुकलं गावच होतं. छोटे-छोटे फोल्डर, छोटी-छोटी अवजारं आणि मधोमध ती यादी. जावईबापूंना गहिवरून आलं. त्यांनी यादीत 'थांब' अशा अर्थाची ओळ घातली, ती सेव्ह केली, गाठोडं बांधलं, नवी सीडी जाळायची, म्हणजे कोऱ्या सीडीवर उतरवायची, फाइल तयार केली आणि तीही सेव्ह केली. मग हात धुऊन पानावर बसले.

जेवताना ते इतके खुलले होते की त्यांनी भाजीला नावं ठेवली नाहीत. बायकोलाही बरं वाटलं. ती उठली आणि मायेने लॅपटॉप बंद करून आली.

"काय केलंस?" जावईबापूंचा घास हातातच राहिला.

"बंद केला. तापला होता."

"अगं, लाइव्ह सीडी होती ती! बंद केली की सगळं विसरते!"

"तुम्ही सेव्ह केलं नव्हतं?"

"केलं होतं!"

"मग?"

"ते सेव्ह केलं होतं हेसुद्धा ती विसरली!"

बायकोने कपाळाला हात लावला. त्या रात्री जावईबापूंनी एक चिठ्ठी लिहून लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेला चिकटवली, 'बंद करण्याआधी पेनड्राइव्हवर घेणे.' (चिठ्ठीचा दोष असा, की दोन दिवसांनी ती भिंतीसारखी दिसायला लागते. म्हणजे दिसेनाशी होते. पण त्याबद्दल पुढे.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं, लिहिलं, बांधलं, पेनड्राइव्हवर घेतलं. सीडी जाळायचं यंत्र ऑफिसात. तिथे सोप्पंयनी सीडी जाळून दिली. संध्याकाळी ती भंगारातल्या कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर इंग्रजीत इतकी अक्षरं धो-धो वाहिली की जावईबापू मागे सरले. मग सगळं थिजलं.

"काय म्हणतोय?" बायको पदराला हात पुसत आली.

"घाबरलोय म्हणतोय."

"कोण?"

"कॉम्प्युटर. स्पष्ट लिहिलंय बघ, पॅनिक. तो घाबरलाय."

"तुम्ही काय केलंत त्याला?"

"मी काही नाही केलं! त्याला सुरुवातीची यादीच सापडत नाहीये म्हणे. ठेवलीय की मी आत!"

दोन दिवस जावईबापू त्या घाबरलेल्या कॉम्प्युटरपुढे बसून स्वतः घाबरत राहिले. उलगडा बायकोनेच केला आणि तोही टोमणा मारता-मारता. "तुम्ही प्रवासाला निघताना करता तसंच काहीतरी केलं असेल. कपडे बॅगेत भरायचे सोडून कपड्यांची पिशवीच बॅगेत कोंबता आणि मग गाडीत बसून रुमाल शोधत राहता."

जावईबापू ताडकन उठले. अगदी तसंच झालं होतं. गाठोड्यात आतल्या वस्तू बांधायच्या सोडून, त्यांनी त्या वस्तूंचा अख्खा फोल्डर बांधला होता. कॉम्प्युटर बिचारा बॅग उघडून बघत होता आणि आत नुसती पिशवी!

हे सुधारलं, तर दुसरीच गोष्ट बिघडली. ते सुधारलं, तर तिसरी. एकदा ओळ चुकीच्या जागी पडली आणि गाठोडं सीडीला हाक मारायच्या आधीच थांबून राहिलं. एकदा गाठोडं बांधलं, पण आवळायचं राहिलं. एकदा सगळं बरोबर होतं, फक्त सोप्पंयनी भलतीच फाइल जाळली आणि कॉम्प्युटरवर पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावं अवतरली. (त्यात फिल्टरदादाचं नाव दुसरं होतं. जावईबापूंना त्या आठवड्यात मिळालेला आनंदाचा क्षण तो एवढाच.)

वाया गेलेल्या सीड्या बायकोने दोरीत ओवून बाल्कनीत टांगल्या, कबुतरं घाबरावीत म्हणून. कबुतरं घाबरली नाहीत. ती सीडीत तोंड बघून मान वळवून पिसं सारखी करायला लागली आणि गल्लीतली बाकीची कबुतरंही नटायला तिकडेच येऊ लागली. जावईबापू रोज ऑफिसला निघताना वर बघायचे. रोज एक सीडी वाढलेली आणि त्यावर एक कबुतर जास्त.

फिल्टरदादाचा फोन रोज यायचा. "काय भावोजी, कुठवर आलं? नाही, घाई नाही हो. पोती आली, म्हणून विचारलं. चांगली जाड आहेत. पुस्तकांना त्रास नाही व्हायचा."

त्याहून वाईट म्हणजे बायको रागवायची बंद झाली. ती चिडत होती, टोमणे मारत होती, तोवर जावईबापूंना आशा होती. एके दिवशी कॉम्प्युटर पुन्हा घाबरला, तेव्हा ती फक्त म्हणाली, "राहू द्या. जेवून घ्या." आणि आत जाऊन बाबांचं एक पुस्तक घेऊन बसली, न उलगडता, नुसतं मांडीवर. ते बघून जावईबापूंनी ताटातला वरणभात तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते सोप्पंयच्या टेबलावर डोकं ठेवून बसले.

"तो कुठे अडतो तेच कळत नाही हो. काळा पडदा, नुसता काळा पडदा!"

"मग त्याला बोलता करा," सोप्पंय म्हणाले. "यादीत प्रत्येक पायरीनंतर एक वाक्य टाका. जिथवर पोचेल तिथवरची वाक्यं पडद्यावर दिसतील. जिथे बोलणं थांबलं तिथे घोडं अडलं. नंतर ती वाक्यं काढून टाकायची. सोप्पंय!"

जावईबापूंनी आधी 'पायरी पहिली', 'पायरी दुसरी' असं लिहिलं. पण पायरी चौथी म्हणजे नेमकं काय, ते त्यांना संध्याकाळपर्यंत आठवेना. तेव्हा त्यांनी आपल्याला चटकन ओळखू येतील अशी नावं दिली. यात त्यांचा काही दुष्ट हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. (शपथ अर्थात जावईबापूंची.) आता तुम्हीच सांगा, जी वस्तू हाक मारल्यावर लगेच उठत नाही, उठताना घरघर करते, घाई केली की बिघडते आणि जिच्यावाचून घरातलं पान हलत नाही, तिला घरच्या कुणाचं नाव द्याल? सीडी ड्राइव्ह झाला सासूबाई. आणि या कॉम्प्युटरमध्ये नसलेल्याच कसल्यातरी यंत्राचा एक ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवायचा प्रोग्रॅम, उगाच मध्ये येऊन बसायचा, काही न करता. त्याचं नाव तर शोधावंच लागलं नाही.

त्या सुरुवातीच्या पडद्याला आपली लिपी येत नाही, म्हणून मराठी वाक्यं त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिली. आणि 'जरा थांब'च्या जागी आता पक्का बंदोबस्त केला, सासूबाई उठेपर्यंत थांब, दर थोड्या वेळाने बघ आणि उठल्या नसतील तर तसं सांग.

शुक्रवारी संध्याकाळी ती सीडी घातली. पडदा काळा झाला. जावईबापूंनी डोळे मिटले. ड्राइव्हने घरघर केली, आणखी घरघर केली. डोळे उघडले तर समोर निळा पडदा, खिडक्या, चित्रं आणि मधोमध बायकोने टाइप केलेली बाबांच्या पुस्तकांची यादी!

"अगं ए! धाव!"

बायको धावत आली, बघत राहिली आणि मग खुर्चीची पाठ धरून खाली बसली. "पुन्हा दाखवा," ती म्हणाली. "बंद करून पुन्हा चालू करा. मला सुरुवातीपासून बघायचंय."

त्यांनी पुन्हा चालू केला. या वेळी तिने पडद्यावरची वाक्यं वाचली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ती हसली आणि इतकी हसली की तिला उचकी लागली. मग तिने एकदम पडद्यावर हात ठेवला.

"अहो, हे आईने पाहिलं तर?"

"काढतो ना! आत्ता काढतो!"

आणि त्यांनी खरंच काढली. लगेच लॅपटॉप उघडला, गाठोडं सोडलं, यादीतली सगळी वाक्यं एकेक करून खोडली, त्या जागी 'सुस्वागतम्' असा एकच शब्द घातला, सेव्ह केलं आणि समाधानाचा असा सुस्कारा टाकला की बाल्कनीतली कबुतरं उडाली. मग त्यांनी लॅपटॉप बंद केला. पेनड्राइव्ह खिशात टाकला. आणि ती चिठ्ठी पडद्याच्या कडेला होती तशीच चिकटून राहिली.

शनिवारी सकाळी फिल्टरदादाची गाडी येऊन कॉम्प्युटर सासुरवाडीला घेऊन गेली. जावईबापू ऑफिसला गेले, पेनड्राइव्ह सोप्पंयच्या हातावर ठेवला. "शेवटची सीडी. आता उद्या सासुरवाडीलाच घेऊन या."

"सोप्पंय!" सोप्पंय म्हणाले आणि पेनड्राइव्हवर होती ती फाइल त्यांनी इमानेइतबारे जाळली. पेनड्राइव्हवर अर्थातच गुरुवारी घेतलेलीच होती, सगळ्या वाक्यांसकट.

रविवारी सकाळी त्या खोलीत गल्ली लोटली. कोपऱ्यावरचा टेलर आला, निवृत्त नर्सबाई आल्या, किराणावाला दुकान मुलावर सोपवून आला. फिल्टरदादा जाड पोत्यांचा गठ्ठा दाराशी ठेवून उभा होता आणि कॉम्प्युटरला त्याने आपल्या दुकानातला भिंतभर टीव्ही जोडला होता.

"हा कशाला?" जावईबापूंनी विचारलं.

"वा! सगळ्यांना दिसायला नको का, भावोजी?" तो गोड हसला. "काय होईल ते सगळ्यांनाच दिसू दे."

सोप्पंयनी आणलेली सीडी आत गेली. सासूबाई पुढे झाल्या. चष्मा लावला, पदर खोचला, हातात सवयीने पट्टी घेतली आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मग एक ओळ उमटली.

सासूबाईंची एक खोड होती. फळ्यावर काहीही दिसलं की पट्टीने दाखवत मोठ्याने वाचायचं. समोर तर भिंतीएवढा फळा.

"सा-सू-बा-ईं-ना... हाक... मारली," त्यांनी वाचलं. "कुणी?"

जावईबापू एक पाऊल मागे सरले. बायकोने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टीव्हीकडे बघितलं. टीव्हीने सगळ्यांकडे बघितलं.

"सासूबाई अजून उठल्या नाहीत," सासूबाईंनी पुढची ओळ वाचली.

"बाई, तुम्ही तर उभ्या आहात!" टेलर म्हणाला.

"गप्प बस, मी वाचतेय. सासूबाई अजून उठल्या नाहीत. सासूबाई अजून उठल्या नाहीत. घाई करू नका, घाई केली की त्या बिघडतात. सासूबाई अजून..."

घरी हे सगळं दोन-चार ओळींत उरकलं होतं. पण दादाच्या गाडीत धक्के खाऊन ड्राइव्ह आणखीनच म्हातारा झाला होता. तो उठेच ना. आणि गाठोड्याला तर जावईबापूंनी स्वतःच बजावलेलं, उठेपर्यंत थांब. ते थांबलं होतं. दर थोड्या वेळाने इमानाने सांगत होतं. भिंतभर एकाखाली एक तेच वाक्य चढत होतं आणि पट्टी एकेका ओळीवरून सरकत होती. जावईबापूंना वाटलं, वीज जावी. वीज गेली नाही. मग त्यांना वाटलं, आपण जावं. पण दाराशी पोती होती.

"बंद करू का, आई?" फिल्टरदादा हळूच म्हणाला. "नाही चालत तो. उगाच सगळ्यांपुढे शोभा."

"हात लावू नकोस."

तेवढ्यात ड्राइव्हने घरघर केली. एकदा, मग पुन्हा, चांगली लांबलचक. आणि पडदा पुढे सरकला.

"फिल्टरदादा आला," सासूबाईंनी वाचलं. "काही उपयोग नाही. पुढे."

खोलीत हशा फुटला. नर्सबाई तोंडाला रुमाल लावून वळल्या, टेलरला खोकला लागला, किराणावाला सरळ मांडीवर थापा मारायला लागला. फिल्टरदादाचा चेहरा त्याच्याच यंत्रातून गाळून काढल्यासारखा बेरंग झाला.

"सासूबाई उठल्या. सुटलो बुवा," सासूबाईंनी शेवटची ओळ वाचली आणि पट्टी खाली केली.

टीव्हीभर निळा प्रकाश पसरला. यादी आली. पण यादीकडे कुणी बघेना. सगळे सासूबाईंकडे बघत होते आणि सासूबाई जावईबापूंकडे.

बायकोने कीबोर्ड पुढे ओढून नर्सबाईंना विचारलं, "तुम्हाला कुठलं हवंय?" नर्सबाईंनी समुद्रावरच्या एका जुन्या प्रवासवर्णनाचं नाव घेतलं. तिने टाइप केलं. खिडकीजवळचं कपाट, वरचा कप्पा. पुस्तक तिथेच होतं. उघडलं तर पहिल्याच पानावर समासात लाल पेनाने लिहिलेलं, 'इथे लेखक घाई करतो आहे. जरा थांबावं.'

सासूबाईंनी ते पुस्तक हातात घेतलं. त्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"हे गेल्यापासून," त्या म्हणाल्या, "मी घरातल्या प्रत्येकाला सांगतेय, मला उठायला वेळ लागतो, घाई करू नका. एकानेही ऐकलं नाही. बेल काय, फोन काय, दारावर थापा काय. आज पहिल्यांदा कुणीतरी थांबलं." त्यांनी पट्टीने कॉम्प्युटरकडे दाखवलं. "न चिडता थांबलं. खोली पुस्तकांची."

बायकोने डोळ्याला पदर लावला. फिल्टरदादा पोती उचलायला वाकला.

"पोती ने," सासूबाई म्हणाल्या. "टीव्ही राहू दे. तो खिडकीत लावायचा, रस्त्याकडे तोंड करून. दुपारी कुणी आलं की बाहेरूनच वाचेल, मी उठलेय की नाही ते."

जावईबापू जिवंत होते. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. ते भिंतीला टेकून घाम पुसत असताना सोप्पंय जवळ आले.

"छान झालं हो. पण एक कळलं नाही. एवढ्यासाठी गाठोडं कशाला सोडलंत? सीडी सुरू होताना जो पहिला पडदा येतो, तिथे 'थांब' अशा अर्थाचा एक शब्द टाइप केला असतात, तरी ते थांबलं असतं."

जावईबापूंचा रुमाल हातातून गळाला. "मग हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, गाठोडं कसं सोडायचं. ते सांगितलं."

जावईबापू सोप्पंयचा गळा धरण्याच्या बेतात होते, पण तेवढ्यात हाक आली. "जावईबापू! इकडे या."

ते गेले. हात मागे बांधून उभे राहिले, पुढच्या बाकावरच्या मुलासारखे.

"वाक्यं तुमची?"

"हो. म्हणजे... ती काढायची होती. मी काढली होती. पण सीडी विसरली."

"काढायची नाहीत. वाक्यरचना बरी आहे. 'सुटलो बुवा' जरा सैल आहे, पण चालेल. फक्त दादाची ओळ काढा, त्याने टीव्ही दिलाय." फिल्टरदादाने पोत्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकला. "आणि एक सांगा, यात सगळं घर आहे. तुम्ही कुठे दिसत नाही?"

"मी... मी लिहिणारा."

"लिहिणाऱ्याने स्वतःला वगळायचं? माझ्या वर्गात असं चाललं नसतं. दादाच्या जागी तुमची ओळ येऊ दे. घ्या लिहून."

आणि त्यांनी सांगितली. सबंध गल्लीसमोर, विरामचिन्हांसकट.

सोमवारी संध्याकाळी जावईबापूंनी पुन्हा गाठोडं सोडलं. एक ओळ खोडली, एक लिहिली. आतल्या वस्तू नीट बांधल्या, पिशवी नाही. आवळलं. पेनड्राइव्हवर घेतलं. बंद करण्याआधी चिठ्ठी वाचली. सोप्पंयनी सीडी जाळली आणि मंगळवारी दुपारी खिडकीतल्या त्या भिंतभर टीव्हीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ती सीडी पहिल्याच फटक्यात चालली. कॉम्प्युटर घाबरला नाही, अडला नाही. 'जावईबापू आले. काही उपयोग नाही. पुढे.' ही ओळ त्याने जराही विचार न करता मान्य केली आणि पुढे गेला.